अर्धी राहिलेली पाद्यपूजा

"...आणि कानावर पडलंच नाही तर?"

बाबा छत्रीच्या मोडक्या काडीला दोरा गुंडाळत होते. वर न बघता म्हणाले, "काय पडलं नाही तर?"

"मूल झाल्याचं. मूल झालं हे कानावर पडलं की तिथून सोयर धरायचं, असा नियम आहे. बरोबर?"

"असेल."

"मग कानावर पडलंच नाही, तर सोयर नाही. माणूस पूजेला चालतो. असा अर्थ निघतो की नाही?"

"मूल कुणाला व्हायचंय?"

"घरात."

"घराला?"

"आमच्या... मंडळींना."

"मंडळींना नाव असेल ना काही."

विचारणाऱ्यानं घसा साफ केला. "जयवंता."

"हां," बाबा म्हणाले, आणि उरलेल्या दातांनी दोरा तोडला.

पुढं काही बोललेच नाहीत...

विचारणारा विश्वंभरपुरी. मठातला पहिल्या नंबरचा शिष्य, आणि माझा बाप. जयवंता माझी आई. आणि ज्या मुलाचं कानावर पडू नये म्हणून ही खटपट चालली होती, ती मी.

म्हणजे यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. आईकडून ऐकलं, पारूमावशीकडून ऐकलं, आणि शेवटी बापाकडूनही ऐकलं, ज्याला ते तोंडाबाहेर काढायला बरीच वर्षं लागली. तिघांचं जुळतं. मठातले लोक सांगतात ते जुळत नाही. म्हणून लिहितेय.

आमचा मठ गोसाव्यांचा. आम्ही घरबारी गोसावी. नावापुढं पुरी लावायचं, भगवं नेसायचं आणि संसारही करायचा. मठाचे महाराज सोमपुरी बाबा तेवढे एकटे. ना बायको, ना पोर. त्यामुळं त्यांच्यामागं गादी कुणाला, हा सगळ्या वस्तीचा आवडता विषय.

गुरुपौर्णिमेला बाबांचे पाय धुवायचे असतात. त्या वर्षी बाबांचा गुडघा धरला होता, आवाजही बसत चालला होता. त्यामुळं या खेपेला पाय धुणारा तो उद्याचा महाराज, असं जो तो धरून चालला होता. माझ्या बापाचं नाव ठरलं होतं. त्याचा चुलतभाऊ मागं टपून बसला होता.

आणि आईचे दिवस भरले होते.

घरात मूल जन्मलं की बापाला सोयर. दहा दिवस देवाला शिवायचं नाही, गुरूच्या पायाला हात लावायचा नाही. आता यात एक फट आहे. माणूस परगावी असला आणि निरोप उशिरा पोचला, तर निरोप ऐकल्यापासून सोयर धरायचं. माझ्या बापानं ही फट परगावाहून उचलली आणि स्वतःच्या गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर आणून बसवली.

हुशार माणूस. श्लोक असे म्हणायचा की बायका अर्थ न कळता रडायच्या.

बाबा गप्प बसले, त्याचा अर्थ त्यानं होकार असा घेतला. यात मी बाबांनाही सोडणार नाही. छत्री बाजूला ठेवून त्यांनी तेव्हाच एक शब्द बोलायला हवा होता. मोठी माणसं गप्प बसतात आणि मग त्या गप्प बसण्याला आपण ज्ञान म्हणतो. त्या ज्ञानाखाली कोण चेंगरतं ते कुणी बघत नाही.

बाप घरी आला. आजीला म्हणाला, "आई, पूजा उरकेपर्यंत मला काही म्हणजे काही सांगायचं नाही. कळलं ना?"

"कळलं," आजी म्हणाली.

आजी हुकूम पाळणारी बाई. तिनं तिच्या सासूचे सगळे पाळले होते. आता सुनेला हुकूम द्यायची तिची पाळी आली होती.

गुरुपौर्णिमेच्या पहाटेच आईच्या पोटात कळा सुरू झाल्या.

मठामागं गोठा आहे. गोठ्याला लागून कडबा ठेवायची खोली. आजीनं आईला तिथं नेलं, पोतं अंथरलं, वर जुनं लुगडं टाकलं.

आई म्हणाली, "आत्याबाई, सिस्टरनी सांगितलंय, ह्या वेळी दवाखान्यातच या. पाय सुजलेत. डोकं ठणकतंय माझं."

"गाडीची किल्ली त्याच्या कमरेला हाय."

"मग मागा ना."

"मागायची म्हंजी सांगावं लागंल. सांगू नको म्हणलाय."

"आत्याबाई, मला नीट दिसत नाहीये..."

"आमी न्हाई का बाळंत झालो? कोण गाडी घेऊन आलं हुतं आमाला?"

मोठी कळ आली तशी आई ओरडली. आजीनं लुगड्याची चिंधी दुमडली आणि तिच्या तोंडात दिली.

"चाव. तिकडं माणसं बसल्यात. आवाज जायला नगं."

बापानं कान बंद केले, आजीनं तोंड. दोघांनी मिळून शास्त्र सांभाळलं.

पुढं सभामंडप भरला होता. कर्णा लावला होता. बाप लाल रेशमी सोवळं नेसून माईकसमोर उभा होता आणि पाद्यपूजेआधी दोन शब्द बोलत होता. त्याचे दोन शब्द पुष्कळ वेळ चालायचे.

"आई हाच पहिला गुरू! जिनं आपला भार वाहिला, आपल्यासाठी कळा सोसल्या, त्या माउलीचे पांग कोणत्या जन्मी फिटणार?"

बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

कर्ण्याचं तोंड गोठ्याच्या बाजूला होतं. आईनं चिंधी दातात धरून सगळं प्रवचन ऐकलं. तिला ते अजून पाठ आहे. भाकरी थापताना कधीतरी बापाच्या आवाजात म्हणून दाखवते. आम्ही पोटं धरून हसतो. बापही हसतो, पण उशिरा, आणि खाली बघून.

प्रवचन संपलं. बाबा पाटावर बसले. पाय परातीत. शेजारी कढत पाण्याची कळशी, त्यात तुळशीची पानं. बापानं तांब्या भरला.

"विश्वंभर."

"जी, बाबा."

"जयवंता दिसली नाही."

"असेल की आत."

"काल दूध घेऊन आली तेव्हा भिंतीला धरून चालत होती."

"बाबा, मुहूर्त चाललाय..."

"बरी आहे का ती?"

"मला... माहीत नाही."

"विचारलंस?"

"नाही."

"का?"

माईक चालूच होता. हे सगळं कर्ण्यावरून वस्तीभर जात होतं. बापाच्या ते ध्यानात आलं तसा त्यानं माईकवर पंजा ठेवला आणि हळूच म्हणाला, "परवा बोललो होतो ना बाबा तुम्हाला. ते कानावर पडण्याचं. तुम्ही काही म्हणाला नाहीत."

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं.

मग त्याचा पंजा बाजूला केला आणि माईकमध्येच म्हणाले, "माझं चुकलं. तेव्हाच बोलायला हवं होतं."

सभेत कुणाला काही कळेना. महाराजांचं कसं चुकेल?

बाबांनी परातीतून पाय काढले. कोरडेच होते. उठले. कळशी उचलली. तो धरलेला गुडघा, ती भरलेली कळशी... पारूमावशी म्हणते, म्हातारा जाताना असा हिंदकळत होता की पाण्याची वाट पडली मागं.

लोकही उठले. चमत्कार होणार म्हटल्यावर कोण बसतंय? बाई बाळंत होत असली तरी आपल्या लोकांना तो बघायचा असतो. सगळी सभा बाबांच्या मागं गोठ्याकडं. "नमो नारायण, नमो नारायण" चालू. सगळ्यांच्या पुढं सोवळ्यात माझा बाप, हात जोडून. चेहरा पांढराफटक.

दारात आजी आडवी आली.

"बाबा, पुढं येऊ नगासा. इटाळ हाय."

आता इथून पुढची गोष्ट मठात अशी सांगतात: बाबांनी विटाळ मानला नाही, बाबा आत गेले, बाईच्या कपाळाला हात लावला, आणि बाई सुखरूप सुटली. त्यावर आता आरतीत एक कडवंही जोडलंय.

खोटं आहे.

बाबा आत गेले नाहीत.

त्यांनी कळशी उंबऱ्याबाहेर ठेवली. दाराकडं पाठ केली. लोकांकडं तोंड करून उभे राहिले, आणि मागं आवाज दिला, "जयवंता. मी सोमपुरी. दाराबाहेर उभा आहे. पाठ करून."

...

"आत येऊ का?"

आतून नुसतं हूं हूं.

"कळलं नाही, बाई."

पुन्हा हूं हूं...

बाबांनी आजीकडं पाहिलं. "तिच्या तोंडात काही आहे का?"

आजी वळली. आत गेली. आणि मग आतून आईचा आवाज आला. फाटका, पण स्वच्छ.

"नको, बाबा. येऊ नका."

आमच्या भागात बाबांना नको म्हणणारं माणूस नव्हतं. त्यांचा पाय घराला लागावा म्हणून लोक हुज्जत घालायचे. आणि ही गोठ्यातली बाई, पोत्यावर पडलेली, सगळ्यांसमोर म्हणाली, येऊ नका.

बापानं डोळे मिटून घेतले.

बाबा म्हणाले, "बरं. नाही येत."

माझ्यावर बाबांचे उपकार आहेत, ते या तीन शब्दांचे. आशीर्वाद देणारे पुष्कळ भेटतात. न विचारता डोक्यावर हात ठेवतात, पोटावर ठेवतात, नाव सुचवतात, मुलगाच होईल म्हणून सांगतात. दारात थांबून विचारणारा, आणि नको म्हटल्यावर थांबलेलाच राहणारा, मी अजून दुसरा पाहिला नाही. आणि आईचे उपकार तर त्याच्याही आधी. तोंडातली चिंधी निघाल्यानिघाल्या तिला सुचलेला पहिला शब्द 'नको' हा होता, याचा मला फार अभिमान आहे.

"काय पाहिजे ते सांग," बाबा म्हणाले.

"गाडी."

"आणि?"

"पाणी... आणि ही माणसं घालवा, बाबा. सगळी."

बाबा लोकांना म्हणाले, "ऐकलंत ना? निघा."

कुणी हलेना. पुढचा एक फेटेवाला म्हणाला, "बाबा, लांबून दर्शनाला आलोय आम्ही."

"कुणाच्या?"

फेटेवाल्यानं फेटा सावरला. तो निघाला तसे बाकीचे निघाले.

"सोबत कोण येऊ दे?" बाबांनी मागं विचारलं.

"मी हाय की," आजी म्हणाली. तिनं गाठोडंही बांधलं होतं.

"त्या नकोत." आईचा आवाज. मग जरा थांबून, "पारू..."

पारूमावशी शेजारची. आईच्या माहेरच्याच गावची, तिच्यासारखीच इथं दिलेली. पांगणाऱ्या लोकांत ती मागं उभी होती. ती म्हणते, चार माणसांत मला कुणी नावानं बोलावलं ते त्याच दिवशी. हातातली फुलं तिथंच टाकली आणि ती आत गेली.

आजी गाठोडं घेऊन तिथंच उभी. तिला फार लागलं ते. लागू दे. पण एवढं सांगायला हवं की पुढं आईच्या पायांना तेल लावायला तीच बसली, आणि लावायच्या आधी विचारायला लागली. म्हातारी माणसं शिकत नाहीत असं नाही. त्यांना कुणीतरी नको म्हणावं लागतं.

"बाबा," बाप म्हणाला, "पूजा अर्धी राहिलीय."

"पाणी आत दे."

"हे तुमच्या पायांसाठी तापवलेलं..."

"गार होईल."

बापानं कळशी उचलून उंबऱ्यावर ठेवली. ठेवताना त्याला ती दिसली. चिंधी. दातांचे वळ उठलेली, ओली. तो तिच्याकडं बघत राहिला.

"किल्ली," बाबा म्हणाले.

कमरेची किल्ली काढताना त्याचा हात सोवळ्याच्या गाठीत अडकला. निघेना. शेवटी त्यानं गाठच सोडली.

पारूमावशीनं आईला धरून जीपमध्ये मागं निजवलं. बापानं गाडी चालवली. बाबा पुढं बसले. वाटेत आई मधून मधून, "हळू... हळू चालवा," आणि बापानं चालवली हळू. असं तिचं ऐकून काही करण्याची ती त्याची पहिलीच वेळ, असं ती म्हणते. तिच्या सगळ्याच म्हणण्यावर मी विश्वास ठेवत नाही. यावर ठेवते.

तालुक्याच्या दवाखान्यात सगळी देवमाणसंच भेटतात असं काही नाही. त्याच खोलीत कळा देताना मांडीवर चापट मारलेली, "तेव्हा बरं वाटलं, आता का ओरडतेस" असं म्हटलेलं, पारूमावशीनं स्वतःच्या बाळंतपणात भोगलंय. पण त्या दिवशी ड्यूटीला निकाळजे सिस्टर होत्या.

"नाव काय, ताई, तुमचं?"

"जयवंता."

"जयवंताताई, मी आता तुमच्या पोटाला हात लावून बघणार आहे. लावू?"

आई रडायला लागली. सिस्टरना वाटलं कळ आली. कळ नव्हती. स्वतःच्या पोटाबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं आजवर, म्हणून ती रडली.

"लावा," ती म्हणाली.

सिस्टरनी पडदा ओढला. ब्लडप्रेशर चढलेलं होतं. इंजेक्शन कशाचं, का द्यायचं, दुखेल किती, सगळं सांगून दिलं. डॉक्टर आत येण्याआधी सांगितलं, डॉक्टर येतायत. सोबत कोण हवं, विचारलं. पारूमावशीला आत घेतलं.

निकाळजे सिस्टर मिळाल्या हे आमचं भाग्य, असं आई म्हणते, आणि दर संक्रांतीला त्यांच्या घरी तिळगूळ घेऊन जाते. मीही जाते. त्यांचे पाय धरावेसे वाटतात मला, त्या धरू देत नाहीत. "अगं, माझं कामच होतं ते," म्हणतात. मग माझी सटकते. काम होतं तर सगळ्यांनी का नाही करायचं? बाईला नीट वागवणं हे चिठ्ठी काढल्यासारखं का? पण त्यांच्यासमोर मी हे बोलत नाही. तिळगूळ घेते.

बाप दारापर्यंत गेला. अंगावर सोवळं, कपाळाला गंध.

"मी नवरा आहे," तो म्हणाला.

"थांबा. त्यांना विचारते," सिस्टर म्हणाल्या. आत गेल्या. आल्या.

"नको म्हणतात."

बाप माघारी वळला. बाहेर भिंतीला एक लाकडी बाकडं होतं. त्यावर बाबा गुडघा चोळत बसले होते. शेजारी बसला.

येणारी-जाणारी माणसं सोवळ्यातल्या माणसाकडं बघत होती. एका म्हातारीनं तर तिथं येऊन विचारलं, "म्हाराज, इथं कसली पूजा हाय?"

"नाही, काही नाही, आजी," बाप म्हणाला.

जरा वेळानं तो बाबांकडं वळला. "गादी द्यायची नव्हती तर मला एकट्याला सांगायचं. असं माईकवर, सगळ्यांसमोर... माझी काय शोभा राहिली?"

बाबा गुडघा चोळत राहिले.

"मी काय चुकीचं केलं? बाहेरख्याली आहे का मी? तिला मारलं का कधी? पूजेत खंड नको, एवढंच बघितलं ना? तुमच्यासाठीच ना?"

...

आतून किंकाळी आली.

बाप उठून उभाच राहिला. "ही... ही ती आहे?"

"तीच असणार."

"ती एवढी ओरडते?"

बाबांचा गुडघ्यावरचा हात थांबला.

आतून पारूमावशीचा आवाज: "अगं, ओरड की! आणखी मोठ्यांदा ओरड! इथं कुठं पूजा मोडतेय कुणाची!"

आणि माझी आई ओरडली. पोटभर ओरडली. दवाखान्याच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, असं पारूमावशी सांगते. तिचं सांगणं थोडं सोडून द्यायचं.

बाप उभ्यानंच बोलायला लागला. कुणाशी बोलतोय ते कळत नव्हतं.

"मोठ्या पोराच्या वेळी तर हूं नाही की चूं नाही. मी ओट्यावर पोथी वाचत होतो. गोठ्याच्या इतक्या जवळ. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मी सगळ्यांना सांगायचो... प्रवचनातसुद्धा सांगितलंय... आमच्या घरातली बाई कसली सोशिक..."

बाबांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

बापाचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"तेव्हाही..." तो म्हणाला.

खाली बसला. बाबांच्या शेजारी नाही. बाकड्याच्या पार टोकाला जाऊन बसला. कपाळाचं गंध पुसलं. मुद्दाम नाही, घाम पुसायला गेला आणि गंधही गेलं.

किती वेळ गेला ते तिघांतलं कुणी सांगत नाही.

मग पडदा सरकला. निकाळजे सिस्टर बाहेर आल्या.

"मुलगी झाली. बाळ छान आहे. ताईंचं ब्लडप्रेशर अजून वर आहे, त्यांना इथंच ठेवू. पण त्या ठीक आहेत. वेळेत आणलंत."

कानावर पडलं. सोयर लागलं.

बापानं सिस्टरना हात जोडले. जोडलेले हात त्याला परत सोडता येईनात. "तुमचे... तुमचे फार..." एवढंच होत राहिलं. हजार माणसांसमोर न अडखळणारा माणूस.

"हो, हो. ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या. "बाळाला गुंडाळायला काही आणलंय का?"

कुणीच काही आणलं नव्हतं. बापानं घाईघाईनं खांद्यावरचं रेशमी उपरणं काढलं.

"हे टोचेल. सुती नाही का? जुनं, मऊ?"

बाबांनी अंगावरची छाटी काढून दिली. धुऊन धुऊन भगवा रंग पार उतरलेली. सिस्टर ती घेऊन आत गेल्या. माझ्या अंगाला लागलेला पहिला कपडा तो. गोसाव्याच्या पोरीला गोसाव्याचं वस्त्र. पण ते मला संन्यास म्हणून दिलं नव्हतं, ऊब म्हणून दिलं होतं, याबद्दल मी बाबांची आभारी आहे.

बाबा उघड्या अंगानं बसले. छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा.

बापानं त्यांच्या पायांकडं हात नेला. बाबांनी पाय बाकड्याखाली ओढून घेतले.

"सोयर आहे तुला," ते म्हणाले. डोळ्यांत हसू होतं, असं बाप सांगतो.

बाप तिथंच जमिनीवर बसून राहिला. आतून माझं रडणं येत होतं. मग ते थांबलं. मग आईचं काहीतरी पुटपुटणं, पारूमावशीचं हसणं.

सिस्टरनी पडद्यातून डोकं काढलं. "ताई म्हणतायत, आता येऊ देत त्यांना. पण एकटेच. आणि थोडाच वेळ."

बाप उठला. सोवळं नीट केलं. दोन पावलं गेला. परत आला.

"बाबा."

"हं."

"आत गेल्यावर... काय म्हणू तिला?"

बाबांनी पडद्याकडं पाहिलं.

"आभार मानू?"

...

"बायकोचे आभार मानतात का कुणी?" बापानंच पुढं विचारलं.

"मानून बघ."

बाप दाराकडं वळला. हात पडद्याला लागला होता. तिथूनच मागं वळून म्हणाला, "आणि तिनं नाही घेतले तर?"

बाबा बाकड्यावर जरा सरकले. आपल्या शेजारी हातानं जागा पुसली.

"तर ये परत. बाकडं लांब आहे."